घरातला कापूस साठा की पुरवठा?

‘साठा’ आणि ‘पुरवठा’ यांतला फरक बारावीच्या अर्थशास्त्रात हमखास विचारला जातो. मुले व्याख्या घडाघडा म्हणतात, उदाहरण मागितले की अडतात. खरे तर परभणी जिल्ह्यात तरी अडायचे कारण नाही. दिवाळीनंतर मानवत-सेलूकडच्या कुठल्याही खेड्यात जा, समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला दिसेल. तो साठा. शेतकरी ठरावीक काळात, ठरावीक किमतीला त्यातला जेवढा विकायला तयार असतो, तेवढाच पुरवठा. घरात वीस क्विंटल आहे आणि मानवतच्या बाजारात पाच नेला, तर पुरवठा पाचच. पुरवठा साठ्याहून कमी असू शकतो, जास्त कधीच नाही. मेथीच्या जुड्यांचे मात्र तसे नसते. सकाळी आणलेल्या संध्याकाळपर्यंत विकाव्याच लागतात, म्हणून नाशवंत मालात साठा आणि पुरवठा जवळपास एकच. हे उदाहरणही उत्तरात लिहा.

आता पुरवठ्याचा नियम. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो, घटली की घटतो. यातले पहिले चार शब्द मुले सर्रास गाळतात आणि तपासताना मी तिथे लाल रेघ मारतो. पण हेच शब्द एकदा मी स्वतः विसरलो होतो.

2021-22च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी साहजिकच सगळ्यांनी माल घरात ठेवला. नोव्हेंबर 2022मध्ये वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या घरी वीस क्विंटल पडून आहे. तो साठा म्हणायचा का पुरवठा?” प्रश्न फार आवडला. दोन दिवसांनी तिचे वडील भेटले. “सर, खेडा खरेदीवाला साडेआठ हजार म्हणतोय. इकावं का ठिवावं?”

मी म्हणालो, “थांबा.” हिशेब सोपा वाटला. सगळेच माल धरून बसलेत, पुरवठा कमी, म्हणजे भाव चढणार.

मागणीकडे मी पाहिलेच नाही. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात मे 2022मध्ये रुई पौंडाला दीड डॉलरच्या वर होती, ऑक्टोबरअखेर ती निम्म्यावर आली होती. सुताला उठाव नव्हता, गिरण्या हात राखून खरेदी करत होत्या. शिवाय घरात धरलेला कापूस काही नाहीसा होत नाही, आज ना उद्या तो बाजारात येणारच. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. पुस्तक शिकवणाऱ्या मला ते सुचले नाही.

फेब्रुवारीत मुलीची परीक्षा सुरू झाली, तरी कापूस खोलीतच होता. उन्हाळ्यात घरच्यांच्या अंगाला खाज सुटू लागली, माल वाळून वजनही घटले. जूनमध्ये बियाण्याला पैसे हवेत म्हणून तो सात हजारांच्या आसपास विकला. हमीभाव लांब धाग्याला 6380 रुपये होता, त्याच्या वरच म्हणायचे. पण वीस क्विंटलवर तीस हजारांचा फटका बसला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. मुलीचा परभणीला राहून शिकण्याचा बेत मात्र राहिला. पहिले वर्ष तिने गावाहून एसटीने ये-जा करून काढले.

परीक्षेच्या दृष्टीने या घरातून आणखी एक फरक समजून घ्या. भाव उतरला म्हणून कमी विकला, तर तो पुरवठ्यातील संकोच. त्याच वक्रावर आपण खाली येतो. भाव तोच असताना, पुढे वाढेल या आशेने कमी विकला, तर तो पुरवठ्यातील ऱ्हास. तिथे अख्खा वक्र डावीकडे सरकतो. नोव्हेंबरात माझ्या सल्ल्याने झाला तो ऱ्हास. दोन्हींच्या आकृत्या वेगवेगळ्या काढा, पेन्सिलीने काढा आणि अक्षांवर किंमत व नगसंख्या लिहायला विसरू नका.