पहिल्या पायरीमागचे हात



शतकपूर्तीच्या प्रसंगी संस्थेची इमारत, ग्रंथसंख्या आणि दाते यांचा गौरवाने उल्लेख होतो, आणि तो उचितच आहे. परंतु वाचनालयाचे खरे कार्य देवघेवीच्या नोंदवहीत उतरत नाही. कोणी एखादा जुना अंक सहज उघडला, त्यातील मजकूर त्याच्या मनात घर करून राहिला आणि त्यामुळे तिसऱ्याच कोणाच्या आयुष्याला वळण लागले, याची नोंद कोणता ग्रंथपाल ठेवणार? आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका अंकापासून सुरू होतो.

१८८० साली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तेथे पडलेला ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा एक अंक चाळायला घेतला. त्यात कोल्हापूरच्या एका टपाल कारकुनाचा पत्रव्यवहार छापलेला होता. पत्नीला शिकवायचे आहे, त्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा गोपाळराव जोशी यांनी वाइल्डर या मिशनऱ्याकडे १८७८ साली केली होती. वाइल्डरसाहेबांनी मदतीऐवजी धर्मांतराची वाट सुचवली. त्या दारात प्रकरण संपले होते. पण वाइल्डरसाहेबांनी ते पत्र छापले होते, आणि छापलेली अक्षरे वाचकाची वाट पाहत पडून राहतात. कार्पेंटरबाईंना त्या अनोळखी मुलीविषयी जिव्हाळा वाटला आणि त्यांनी हिंदुस्थानात पत्र धाडले. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. दोघींमध्ये पुढे मावशी-भाचीचे नाते जडले. आणि हे सारे एकमेकींचे तोंडही पाहण्यापूर्वी!

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. वैद्यकीय मदतीअभावी अशी मुले आणि अशा माता दगावतात, याची जाणीव त्यांना डॉक्टरीकडे घेऊन गेली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी आपण परदेशी का जात आहोत, हे जाहीरपणे सांगितले. एतद्देशीय स्त्री-डॉक्टरांची देशाला गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्या भाषणाचा गाभा होता. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. माहेरच्या सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची तजवीज झाली होती. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः उभ्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव थॉरबर्न या डॉक्टर दांपत्याने सुचवले होते. तेथील अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली आणि पुढे मायेने देखभालही केली. अठरा वर्षांच्या आनंदीबाई त्या शरद ऋतूत महाविद्यालयाची पहिली पायरी चढल्या, तेव्हा त्यांच्यामागे इतके हात होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली. पण क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने ती घरोघर पोहोचवली. येथे प्रश्न आहे तो कृतज्ञतेचा. ज्यांनी हात दिला, त्यांचे ऋण कसे मोजावे?

पहिली अडचण गोपाळरावांचीच आहे. त्यांच्या हट्टावाचून आनंदीबाई शिकल्या नसत्या, हे निर्विवाद. पण अभ्यासासाठी त्यांनी कोवळ्या वयाच्या पत्नीला मारझोड केली, टाकून देण्याचे भय घातले, हेही तितकेच खरे. आणि हे पतीला कळवण्याचे धैर्य स्वतः आनंदीबाईंनी अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात दाखवले. त्याच पत्रव्यवहारात त्यांनी पतीचे ऋणही नाकारलेले नाही. उपकारकर्त्याचे दोष झाकणे म्हणजे कृतज्ञता नव्हे, आणि दोष दिसले म्हणून ऋण नाकारणे हा न्यायही नव्हे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडण्याची ताकद त्या कोवळ्या वयात त्यांच्याजवळ होती. सत्कारसमारंभातील गोड भाषणांहून ही कृतज्ञता कितीतरी अवघड आहे.

दुसरे उदाहरण डॉ. रखमाबाईंचे. बालपणी झालेला विवाह मान्य करून नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ पासून चार वर्षे चाललेला दावा देशभर आणि विलायतेतही गाजला. शाळेत जाणे अशक्य झाले तेव्हा फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके घरी आणून त्या शिकल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. ते पाठीशी उभे होते. पण दावा संपण्यापूर्वीच, १८८५ साली, ते निवर्तले. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी प्रोत्साहन दिले, लोकांनी निधी जमवला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी रवाना झाल्या. परत आल्यावर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली. एकीला नियतकालिकाचा अंक उपयोगी पडला, दुसरीला ग्रंथालयाची पुस्तके. वाचनालयाच्या उत्सवात या दोन गोष्टींचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये.

आपल्या परंपरेने ऋणाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ऋषिऋण मोठे विलक्षण. ज्याने ज्ञान दिले त्याला ते परत करता येत नाही. ते पुढच्याला देऊनच फेडावे लागते. आनंदीबाईंना तेवढा अवधी मिळाला नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. फेडीचा भार त्यांच्या मागून आलेल्या, ज्यांची नावे इतिहासात नाहीत अशा शेकडो स्त्री-डॉक्टरांनी उचलला.

वैनगंगेच्या काठच्या या गावाला हा विषय दूरचा नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा येथील विद्यार्थ्याची नजर सहज नागपूरकडे वळे. तेथे १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. जबलपूरचे १९५५ साली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. शेजारच्या गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मध्ये राज्याची सीमा आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातील जागा अधिवासाच्या अटीमुळे येथील मुलामुलींना सहसा मिळत नाहीत. अखिल भारतीय कोट्यातील पंधरा टक्के जागांसाठी मात्र त्यांना देशभरच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा करावी लागते. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि शरीररचनाशास्त्राचे ग्रंथ इंग्रजीत, अशा तीन भाषांतून त्यांची वाट जाते. मध्य प्रदेश शासनाने २०२२ साली वैद्यकाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, तीमागेही हीच अडचण होती.

अशा मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळाला की वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि त्याखाली एक ठरलेले वाक्य: यशाचे श्रेय आईवडील व गुरुजनांना. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. शुल्काच्या अखेरच्या दिवशी रक्कम उसनी देणारा शेजारी, परगावी परीक्षेला नेताना रात्रभर जागलेला मामा, आपले कोपरे दुमडलेले पुस्तक देऊन टाकणारी वरच्या वर्गातील मुलगी, वाचनालय बंद करण्याची वेळ झाली तरी दिवा न मालवणारा शिपाई, ही नावे त्या वाक्यात मावत नाहीत. आणि कित्येकदा त्या विद्यार्थ्यालाही ती ठाऊक नसतात. कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक यावा म्हणून तो दंतवैद्याच्या खोलीत कोणी ठेवला, हे आनंदीबाईंना तरी कोठे ठाऊक होते?

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच आपल्या साहाय्यकर्त्यांची यादी लिहून ठेवावी. खरी लिहावी आणि ज्यांच्याशी मतभेद झाले, त्यांचीही नावे तीत असावीत. पाचसहा वर्षांनी रुग्णाच्या उशाशी उभे राहताना ती यादी उपयोगी पडेल. वाचनालयानेही आपल्या दुसऱ्या शतकात एक कपाट अशा परीक्षार्थींसाठी राखून ठेवावे. डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या सभासदाने आपली जुनी पुस्तके त्यात आणून ठेवावीत आणि पहिल्या पानावर, जागा असेल तर, ती आपल्याला कोणाकडून मिळाली होती तेही लिहावे.