५३ एन नंबरची बाटली



परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला नावाने माहीत आहे. तो माणूस मला मात्र फार उशिरा कळला.

वाल्डेमार हाफकिन ओडेसाचे. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. तीनेक महिन्यांत त्याचीही लस झाली, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःलाच! मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जण एकाच बाटलीतले, ५३ एन. बाकी बाटल्यांतल्या कुणालाही काही झालं नाही. तरी ठपका आला प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं असंच. रात्री सिस्टीम बंद पडली की पहिला प्रश्न, "कुणी केलं?" मीही एकदा तो एका ज्युनिअर मुलीला सगळ्यांसमोर विचारला. चूक भलतीकडेच निघाली. माफी मागायला मला आठ दिवस लागले.

हाफकिनना पाच वर्षं थांबावं लागलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने भांडले, तेव्हा १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ साली. तोवर ते भारत सोडून गेले होते.