डिस्कचे पोटहिस्से

जमिनीच्या महसुलाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना भूमापन क्रमांक आणि पोटहिस्सा हे शब्द नवे नाहीत. एकच शेत चार भावांत वाटले गेले म्हणजे मूळ क्रमांक कायम राहतो आणि त्याच्या पोटात एक, दोन, तीन असे हिस्से पडतात. माती जागेवरून हलत नाही. बदल होतो तो नकाशावर आणि दप्तरात. संगणकाच्या हार्ड डिस्कची जी वाटणी होते, जिला आपण सर्वजण पार्टिशन म्हणतो, ती नेमकी याच जातीची होय. मोजणी खात्यात यासाठी फाळणी असा चांगला जुना शब्द आहे. परंतु १९४७ नंतर तो उच्चारताना मनात निराळेच काही उभे राहते, म्हणून मी आपला पोटहिस्साच म्हणतो.

या वाटणीचे दप्तर डिस्कवरच असते आणि ते आश्चर्य वाटावे इतके लहान असते. आयबीएमने १९८३ साली हार्ड डिस्क असलेला आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून रूढ झालेल्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ६४ बाइट वाटणीच्या नोंदीसाठी राखलेले असत. प्रत्येकी सोळा बाइटांच्या चार नोंदी. हिस्सा कोठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे, इतकेच त्यांत लिहावयाचे. म्हणजे सोय चारच वारसांची! पाचवा आला की एका हिश्श्याच्या पोटात आणखी हिस्से पाडण्याची कसरत करावी लागे. पुढे जी जीपीटी नावाची पद्धत आली, तिच्यात सामान्यतः १२८ नोंदींना जागा असते. शिवाय दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. ही दुसरी प्रत ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने कधी तरी एखाद्या कचेरीत काम केले असले पाहिजे.

हे दप्तर वाचावयाचे कसे? चित्रांच्या खिडक्या उघडून ते दिसते, हे खरे. पण संगणक बिघडला, किंवा ज्याला चित्रांचा पडदाच नाही असा सर्व्हर समोर आला, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याला पडदा दिसत नाही, म्हणून मी अक्षरे सावकाश सांगतो. लिनक्समध्ये एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरे सलग लिहिली, की सर्व डिस्क आणि त्यांच्या पोटातील हिस्से एखाद्या वंशवृक्षासारखे उमटतात. अधिक तपशील हवा असल्यास ‘एफडिस्क’ लिहून जागा सोडावी आणि आडव्या रेघेला जोडून लहान लिपीतले एल लिहावे; मात्र त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोजमध्ये प्रथम ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. हवी ती डिस्क ‘सिलेक्ट’ या आज्ञेने निवडून मग ‘लिस्ट पार्टिशन’. मॅकवर ‘डिस्कयुटिल लिस्ट’ एवढे पुरते.

यादी समोर आली की काही गोष्टी प्रथमदर्शनी खटकतात. पाचशे गिगाबाइट म्हणून विकत घेतलेली डिस्क ४६५ दाखवते. यात कोणी फसवलेले नसते. विकणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने, बिघा आणि एकर यांच्यासारखाच हा मापांचा घोळ आहे. दुसरे म्हणजे, आपण न पाडलेले एक-दोन चिमुकले हिस्से आढळतात. ते निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु संगणक सुरू होताना ज्या फायली शोधतो, त्या बहुधा अशाच एका लहानशा हिश्श्यात असतात. पायवाटेची पट्टी शेजारच्या शेतात सामील करून टाकावी, तसा तो प्रकार होतो.

पण खरा धोका यापेक्षा निराळा आहे. यादीतील क्रमांक हा डिस्कचा कायमचा पत्ता नव्हे. लिनक्समधील एसडीए, एसडीबी ही नावे काय, किंवा विंडोजमधील डिस्क शून्य, डिस्क एक हे क्रमांक काय, यंत्र सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्यावर ते अवलंबून असतात. माझ्या माहितीच्या एका कचेरीत जवळजवळ सारख्याच आकाराच्या दोन डिस्क होत्या. एक रिकामी, दुसरीवर तीन वर्षांच्या अर्जांच्या प्रतिमा. सकाळी रिकामी डिस्क ‘एक’ क्रमांकावर दिसली आणि तंत्रज्ञाने तसे चिठ्ठीवर टिपून घेतले. दुपारी बाहेरची एक डिस्क जोडून यंत्र पुन्हा सुरू केले. क्रमांक बदलले, चिठ्ठी बदलली नाही. डिस्कपार्टमधील ‘क्लीन’ ही आज्ञा ‘आपली खात्री आहे काय?’ असे विचारण्याचे सौजन्यही दाखवीत नाही. क्षणार्धात पुसली गेली ती अर्जांची डिस्क.

त्या तंत्रज्ञाला मी फारसा दोष देणार नाही. क्रमांकावर विश्वास ठेवावयास आपणच सर्वांना शिकवले आहे. त्याने ‘डिटेल डिस्क’ असे विचारले असते, तर डिस्कचे मॉडेल व तिच्यावरील हिश्श्यांची नावे समोर आली असती. लिनक्समध्ये त्याच पाच अक्षरी आज्ञेला मॉडेल आणि अनुक्रमांक यांचे रकाने मागता येतात. तो अनुक्रमांक कारखान्यात दिलेला असतो आणि बहुतेक डिस्कच्या अंगावरही छापलेला असतो. शेताची ओळख क्रमांकापेक्षा चतुःसीमेवरून पटते, तसेच हे.

सुदैवाने त्या आज्ञेने पुसले होते ते केवळ दप्तर. जमीन जागेवर होती. कोणीतरी शहाणपणाने यंत्र लगेच बंद केले, त्यावर नवे काही लिहिले गेले नाही, आणि जुन्या हद्दी हुडकून काढणाऱ्या एका प्रोग्रामने दोन दिवसांत हिश्श्याची सुरुवात व शेवट शोधून पुन्हा नोंद घातली. अर्ज परत मिळाले. कोणी त्याच डिस्कवर नवी प्रणाली बसवली असती, तर ज्यांनी मूळ कागद परत नेले होते, त्या अर्जदारांना आम्ही काय सांगितले असते, याचा विचार न केलेला बरा.

लिनक्समध्ये वाटणीच्या साऱ्या नोंदी एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून घेता येतात आणि गरज पडल्यास त्यावरून दप्तर पुन्हा उभे करता येते. ‘एसएफडिस्क’ असे त्या साधनाचे नाव. ती नक्कल एका पानात मावते. त्याच डिस्कवर ती ठेवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे ठेवावी, किंवा सरळ कागदावर छापून नस्तीस लावावी. तेवढे काम तरी सरकारी कचेरीला उत्तम साधते.