चांदा की चंद्रपूर? एका राजधानीचे नाव
(सिंदेवाही येथील व्याख्यानाचा मजकूर)



सिंदेवाहीच्या स्टेशनावरून दक्षिणेकडे जाणारा उतारू आजही तिकीट घेतो ते 'चांदा फोर्ट'चे. जिल्ह्याचे नाव १९६४च्या सुमारास 'चंद्रपूर' झाले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. रेल्वेच्या त्या एका फलकावर मात्र इंग्रजी अमदानीतले 'चांदा' टिकून राहिले आहे.

हे नाव आले कोठून? दंतकथा सांगते की, बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असता एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्याने पाहिला. सशाच्या कपाळावर पांढरा चंद्र होता. राणीने सल्ला दिला की, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधावा आणि आत नगर वसवावे. दुसऱ्या बाजूने पुराणिक मंडळी हे नगर कृतयुगापर्यंत मागे नेतात. या दोन कथांपैकी कोणती स्वीकारावयाची, हा प्रश्न निव्वळ भाषाशास्त्राचा नाही. पहिलीत नगराचा कर्ता गोंड आहे. दुसरीत तो नंतर आलेला पाहुणा ठरतो. कथेपेक्षा दगड अधिक बोलका असतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या चार दरवाजांचा परकोट गोंड राजवटीने उभारला. बीरशहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य गिळले, १८५४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्यात बाबुराव शेडमाके यांना फासावर चढविण्यात आले.

पश्चिम आफ्रिकेतील आशांटी राज्याची राजधानी कुमासी हिची हकीकत याहून फार निराळी नाही. तेथेही कथा आहे: राजपुरोहिताने वेगवेगळ्या ठिकाणी 'कुम' नावाची झाडे लावली, ज्या गावी झाड तगले तेथे राजधानी झाली, आणि 'कुम झाडाखालचे गाव' हेच तिचे नाव पडले. इंग्रजांनी १८७४ मध्ये हे नगर जाळले, १८९६ मध्ये राजा प्रेम्पेहला कैद करून पुढे सेशेल्स बेटांवर धाडले, आणि १९०३ पर्यंत सोन्यासाठी रेल्वे तेथवर आणून पोचविली. चांद्यालाही आगगाडी आली ती जंगल आणि कोळसा यांच्या ओढीने. साम्राज्याची रीत सर्वत्र एकच: आधी राजधानी, मग रूळ, मग माल.

स्वातंत्र्यानंतर नावे परत घेण्याची लाट आली. गोल्ड कोस्टने १९५७ मध्ये 'घाना' हे नाव घेतले. वस्तुतः प्राचीन घानाचे साम्राज्य तेथून कितीतरी वायव्येस होते. डाहोमे १९७५ मध्ये 'बेनिन' झाले, आणि बेनिन ही राजनगरी तर शेजारच्या नायजेरियात! यात हसण्यासारखे काही नाही. ज्याचे सर्वस्व लुटले गेले तो निदान नाव तरी मोठे घेतो. परंतु नाव देणे राज्यकर्त्यांना फार स्वस्त पडते, हेही तितकेच खरे. राजपत्रात एक अधिसूचना निघाली की काम झाले.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहा. गोंडांच्या जुन्या राजधानीत, बल्लारपुरात, कागदाची गिरणी उभी राहिली आणि आसपासच्या जंगलातील बांबू तिच्या पोटात गेला. १९२७च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरविले होते. म्हणून त्यावर हक्क वनखात्याचा, आणि टोपली विणणारा बुरूड चोर! २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडला. तोही केंद्रीय मंत्र्याने गावात येऊन परवानापुस्तक दिले तेव्हा! शहराचे नाव मागितल्यावर मिळते. जंगलासाठी मात्र दोन पिढ्या खर्ची पडतात.

आणि मोठेपणाच म्हणाल तर, गोंडांच्या नावाइतका मान कोणाच्या नावाला मिळाला आहे? एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांनी इथल्या कोळसावाही थरांना 'गोंडवन' म्हटले, आणि पुढे एडुआर्ड झ्यूस याने आफ्रिका व भारत ज्यात एकत्र होते त्या आद्य भूखंडालाच ते नाव दिले. म्हणजे कुमासीच्या पायाखालची जमीनही गोंडांच्या नावाने ओळखली जाते! २०११ मध्ये गडचिरोलीस स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नावही गोंडवानाच.

पण भाषेचे काय? २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते, संस्कृत सांगणारे पंचवीस हजारांच्या आत. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरविले, आणि आपल्या मुलांना आपल्या बोलीत शिकविण्यासाठी त्या ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.