सफर महिन्याचा अर्थ



हिजरी वर्षाच्या दुसऱ्या महिन्याला आपल्या निलंग्याकडे 'सफर' म्हणणारे थोडे. घरोघरी तो 'तेरा तेजी' याच नावाने ओळखीचा. पहिले तेरा दिवस जड. लग्न नको, प्रवास नको, नवे दुकान नको. तेराव्या दिवशी हरभऱ्याच्या घुगऱ्या आणि अंडी सदका म्हणून वाटली की घर मोकळे झाले! आपले हिंदू शेजारी पौषात लग्न टाळतात. हा आपला पौष म्हणावयाचा.

याला आधार कोणता? पैगंबर हजरत मुहम्मद (स.) या तेरा दिवसांत आजारी होते, असे वडीलधारी सांगतात. परंतु त्यांचे अखेरचे आजारपण सुरू झाले ते हिजरी ११ मध्ये, सफर संपत आला असताना, असे बहुतेक चरित्रकार लिहितात. सफरला अशुभ मानण्याची चाल तर इस्लामपूर्व अरबांची. पैगंबरांनी ती स्पष्ट नाकारली; बुखारींच्या हदीस-संग्रहात तशी नोंद आहे. आणि हिजरत? इ. स. ६२२ मध्ये त्यांनी मक्का सोडली तीही सफरच्याच अखेरीस, असे चरित्रकार मानतात. ज्या प्रवासावरून आपण सन मोजतो, तो याच महिन्यात सुरू झाला.

प्रवास या अर्थाचा 'सफर' मात्र वेगळा. उर्दूत तो सीनने लिहितात, महिन्याचे नाव स्वादने. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी 'रिकामे' हा अर्थ आहे. युद्धबंदीचे महिने मुहर्रमबरोबर संपत, अरब बाहेर पडत आणि घरे रिकामी राहत, असे कोशकार सांगतात. विद्यार्थ्यांनो, 'सिफर' म्हणजे शून्य, तोही याच धातूचा. भारतीय गणितातल्या शून्याला अरबांनी हा शब्द दिला आणि युरोपात जाऊन त्याचाच 'झीरो' झाला.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून सफर दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२९ साली तो जूनच्या मध्यास, शाळा-कॉलेजे उघडण्याच्या सुमारास सुरू होईल. हे मुद्दाम सांगतो. मुलाचे नाव घालताना कोणी फारसे थांबत नाही. मुलीला लातूरला कॉलेजात पाठवावयाचे ठरले, की 'तेरा तेजी होऊन जाऊ द्या' असे घरात निघते, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नसते. दादीजानला दुखवू नका. घुगऱ्या अवश्य वाटा, सदका केव्हाही चांगलाच. पण त्याच सकाळी मुलीचा दाखला आणि गुणपत्रक घेऊन फॉर्म भरून या.