टक्के नकोत, किलो सांगा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



परळी, पारस, कोराडी, चंद्रपूर. कोळशाची वीजकेंद्रे आहेत ती आपल्याच मुलखात. राखेचा विषय काढला की साहेब सांगतात, "आमचे यंत्र 99 टक्के राख पकडते." खरे धरू. आता हिशेब करू.

आपल्याकडचा 100 टन कोळसा जाळला तर साधारण 35 टन राख उरते. त्यातली 28 टन धुराबरोबर वर जाते असे धरा. 99 टक्के पकडली तरी 280 किलो बाहेर. 99.9 टक्के पकडली तर 28 किलो. बोलताना फरक एका टक्क्याहून कमी, शेतावर दहापट!

खळ्यावर ज्वारी उफणताना दाणा खाली पडतो, कुटार उडते. धुरातली बारीक राख कुटारासारखी, आपोआप बसत नाही. म्हणून ईएसपी यंत्रात पत्र्यांच्या रांगा आणि मध्ये तारा असतात. तारांना हजारो व्होल्टची वीज दिली की राखेचे कण भारले जातात, पत्र्याला चिकटतात. हातोड्यांनी पत्रे ठोकले की राख खालच्या हॉपरमध्ये पडते. यंत्राचा एखादा भाग बंद पडला की तेवढी जास्त राख चिमणीबाहेर. जाड राख पानावर बसून ऊन अडवते, फुटलेल्या बोंडाची प्रत घालवते. मायक्रॉनहून बारीक कण पकडायला अवघड, आणि तेच छातीत खोल शिरतात.

या यंत्राचे पेटंट 1908 साली अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने घेतले. पुढे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या संत्रा बागायतदारांनी धुळीपायी सिमेंट कारखान्याला कोर्टात खेचले. कारखान्याने हेच यंत्र बसवले. बागायतदार गप्प बसले असते तर?

आपल्याकडे नियम आहे. केंद्राच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेप्रमाणे एक घनमीटर धुरात 2003 पर्यंतच्या संचांना 100 मिलिग्रॅम, 2016 पर्यंतच्यांना 50, आणि 2017 पासूनच्या नव्यांना 30 मिलिग्रॅम धूलिकणांची मर्यादा आहे. चिमणीवरच्या मोजणीचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात.

तेव्हा माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी लेखी मागा. कोणत्या संचाला कोणती मर्यादा? वर्षभर रोजचा आकडा किती? ईएसपीचा कोणता भाग किती तास बंद होता?

टक्केवारी ऐकून परत येऊ नका. किलो विचारा.