ट्यूबवरची बारीक अक्षरं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येक तुकडीतल्या एकाला आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हा झोपायची तशी आजही झोपतील. म्हणून मी विषय बदलून घेतलाय. मी गजकर्णाबद्दल बोलणार आहे. काही ठिकाणी त्यालाच नायटा म्हणतात. हसा, हरकत नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी तो येऊन गेला, त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार नाही, कारण एकही हात वर होणार नाही. हा आजार वाढतो त्याचं अर्धं कारण तेच आहे.

माझा धाकटा भाऊ बेकरीत भट्टीजवळ काम करतो. त्याची परवानगी घेऊनच सांगते. त्याला जांघेत आणि कमरेला गोल चट्टे उठले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्याने ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज गेली, लाली गेली. लावणं थांबवलं, तर दहा दिवसांनी चट्टे परत आले, आणि पहिल्यापेक्षा मोठे. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. असे चौदा महिने गेले. तोवर त्याच्या बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीलाही चट्टे उठले होते. फोनवर तो मला विचारायचा, "ताई, खाज गेली म्हणजे रोग गेला ना?"

शेवटी आम्ही त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी एकच सांगितलं, "आजवर जे जे लावलं, ते सगळं पिशवीत घालून आणा." पिशवीतून अकरा ट्यूब निघाल्या. त्यातल्या नऊंवर बारीक अक्षरांत एक नाव सारखंच होतं: क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड आहे, आणि त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधल्या सर्वांत तीव्र गटातलं.

आता माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर. गजकर्ण बुरशीमुळे होतो. लाली आणि खाज या मात्र बुरशीशी लढताना आपल्या शरीराने केलेल्या खटपटीच्या खुणा असतात. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. लाली जाते, खाज जाते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा सारखी चूक दाखवू लागली की नवशिका माणूस चुकीचा संदेशच बंद करून टाकतो. पडदा स्वच्छ दिसतो, आत बिघाड वाढत राहतो. ट्यूबचंही तसंच.

डॉक्टरांना हे आज कळलेलं नाही. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन 1952 मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन यांनी वापरून दाखवलं. इसबाने हैराण झालेल्यांना ते वरदान ठरलं, आणि आजही आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत स्टेरॉइडचं मलम योग्य जागी, योग्य मुदतीसाठी लावणं हाच उपचार असतो, त्यामुळे ते नाव ऐकून घाबरू नका. पण 1968 मध्येच ब्रिटनमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी स्टेरॉइड लावल्यामुळे ओळखू न येणाऱ्या गजकर्णाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेला गजकर्ण. गोल कडा पुसट होतात, खवले जातात, अनुभवी डोळाही फसतो.

मग निदान कसं करायचं? आपल्या विज्ञानाच्या बाईंनी सातवीत पावावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती, ते आठवतंय? रांगेत ढकलाढकली करून आपण ते धागे पाहिले होते. डॉक्टरांनी माझ्या भावाच्या बाबतीत जवळजवळ तेच केलं. चट्ट्याच्या कडेची त्वचा थोडी खरवडली, काचपट्टीवर ठेवली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात. काही मिनिटांचं काम आहे आणि महागही नाही. ती काचपट्टी पाहिली आणि चौदा महिन्यांचा अंदाजपंचे कारभार संपला.

इंजिनिअर म्हणून मला सर्वांत राग आला तो मिश्र मलमांचा. एकाच ट्यूबमध्ये एक बुरशीविरुद्ध औषध, एक-दोन जंतूंविरुद्ध आणि वर तीव्र स्टेरॉइड. म्हणजे रोग कुठलाही असो, चार दिवस बरं वाटणार. आमच्याकडे एकाच वेळी चार दुरुस्त्या घुसडल्या तर वरिष्ठ विचारतात, "यातल्या कशाने चाललं? आणि उद्या बिघडलं तर कशाने बिघडलं?" मिश्र मलम लावणाऱ्याकडे या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नसतं.

कुठल्या औषधाने गुण येतो हे कळायला एक सरळ रीत आहे. तिला यादृच्छिक चाचणी म्हणतात. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायचे. डॉक्टरच्या मर्जीने नाही, रुग्णाच्या आवडीने नाही. मग प्रत्येक गटाला एकच औषध द्यायचं आणि ठरलेल्या दिवशी मोजायचं. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी गजकर्णासाठी अशी चाचणी केली. ती 2020 मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 200 रुग्ण, पोटात घ्यायची चार औषधं, प्रत्येक गटात 50 जण. आठ आठवड्यांनी बरे किती झाले? ग्रिसिओफुल्विनने 14 टक्के, टर्बिनाफिनने 28, फ्लुकोनाझोलने 42 आणि इट्राकोनाझोलने 66 टक्के.

हे आकडे मी घरी पुन्हा पुन्हा वाचले. टर्बिनाफिन हे एके काळी गजकर्णावरचं भरवशाचं औषध. त्याने 50 पैकी 14 जण बरे झाले. सर्वांत चांगल्या औषधानेही तीनातला एक दोन महिन्यांनी बरा झालेला नव्हता. चार दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्या ट्यूबशेजारी हे आकडे ठेवून पाहा.

असं का व्हावं? एक कारण म्हणजे बुरशीच बदलली आहे. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये वेगळी जात म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालतं, त्याच्या जनुकातच या बुरशीच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो, म्हणून औषध लागू पडत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे बेसुमार खपणारी स्टेरॉइडची मिश्र मलमं आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी या साथीला खतपाणी घातलं, असं अनेक भारतीय त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट. हीच मलमं गोरेपणासाठी, मुरुमांसाठी, वांगासाठी चेहऱ्यावर लावली जातात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या 12 केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सुचवलेलंच नव्हतं. मैत्रीण, शेजारीण, ब्यूटी पार्लर, दुकानदार, असे सल्लागार. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवलं की चेहऱ्याची आग होते. म्हणून बिचारी बाई पुन्हा तेच लावते.

मी संगणकवाली, म्हणून बरेच जण विचारतात, "फोनवर फोटो काढून कळत नाही का गं?" 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सुमारे 1,29,000 चित्रांवर शिकवलेली प्रणाली त्वचेच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत तज्ज्ञांच्या तोडीची असल्याचं दाखवलं, हे खरं. पण यंत्र जे पाहतं तेच शिकतं. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी 656 चित्रांचा संच करून अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्या कमी पडल्या. आपली कातडी कुठल्या रंगाची आहे हे मी सांगायला नको. त्यात वेष पालटलेला गजकर्ण असेल तर फोटो काय सांगणार? तिथे खरवडून पाहायलाच हवं.

आता घरी गेल्यावर करायची कामं. कपाटातल्या ट्यूब काढा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडची नावं. ढोबळ खूण सांगते: नावाच्या शेवटी 'झोल' असेल तर ते बहुधा बुरशीचं किंवा जंतूंचं औषध. खरा झोल 'सोल' आणि 'सोन'मध्ये आहे! 2018 पासून सरकारने अशा मलमांवरचा पडदा थोडा सरकवला, ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम पाळणारा दुकानदार मिळाला तर त्याच्यावर चिडू नका, त्याचे आभार माना. लावत असलेलं मलम मात्र मनानेच बंद करू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उलटे करून उन्हात वाळवा, घट्ट जीन्स काही दिवस विसरा. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवा.

माझ्या भावाला, वहिनीला आणि भाचीला बरं व्हायला साडेचार महिने लागले. भाची आता नाचाच्या क्लासला पुन्हा जाते. भावाच्या जांघेत स्टेरॉइडमुळे पडलेले भेगांसारखे वण मात्र कायमचे राहिले.

समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना एक विनंती आहे. आपल्या वेळी कुणाला नायटा झाला की त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही, आणि तो पोरगा मुकाट्याने शर्ट खाली ओढत राहायचा. तीच लाज माणसाला डॉक्टरऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानात नेते. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना कुणीतरी वर्गात मोठ्याने सांगायला हवं, की ही बुरशी आहे, पाप नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, ग्रुपवर चट्ट्यांचे फोटो टाकू नका, ते डॉक्टरांना दाखवा. ट्यूबवरचं नाव वाचता येत नसेल तर खोक्याचा फोटो खुशाल टाका. आपल्या तुकडीत दोन फार्मासिस्ट आहेत, आज इथे पहिल्याच रांगेत बसलेत. त्यांना मी आधीच कामाला लावलंय.